थंडीआधी गिझर तपासताय? आधी न्हाणीची खिडकी मोकळी करा

पत्र: ताई, आमचं घर निफाड तालुक्यात, मळ्यात आहे. इथला डिसेंबर-जानेवारीचा गारठा तुम्हाला ठाऊक असेलच. वरच्या मजल्यावर २५ लिटरचा विजेचा गिझर आहे, त्याला सहा वर्षं झाली. गेल्या हिवाळ्यापासून पाणी तापायला फार वेळ लागतो, तापताना आतून खडखड आवाज येतो आणि सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं. प्लंबर म्हणतो, नवाच घ्या. गच्चीवर सोलर आहे, पण ऐन थंडीत त्याचं पाणी कोमटच येतं. लेक सातव्या महिन्यात बाळंतपणाला येतेय. तिच्यासाठी आणि पुढे बाळासाठी गरम पाण्याची सोय चोख हवी. थंडी पडायच्या आत काय काय करून घेऊ? खालच्या न्हाणीत गॅस गिझर आहे, त्याची काही तक्रार नाही. फक्त खिडकीतून फार वारा येतो म्हणून यांनी तिला प्लायवूड ठोकलंय. सासूबाईंना अंघोळीनंतर अधूनमधून गरगरतं, पण ते वयामुळे असावं.
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर: ताई, तुमच्या पत्रातला गिझरचा भाग मी नंतर घेते. शेवटची दोन वाक्यं वाचून मला राहवलं नाही, म्हणून तिथूनच सुरुवात करते. ते प्लायवूड आज काढा. रविवारी नको, मिस्त्री आल्यावर नको, आजच. आणि ते निघेपर्यंत खालचा गॅस गिझर कुणीही पेटवू नका.

सासूबाईंचं गरगरणं वयाचं असेलही. पण अंघोळीनंतरच गरगरतं, आणि न्हाणीत गॅस गिझर आहे, खिडकी बंद आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की पहिला संशय कार्बन मोनॉक्साइडवर घ्यायचा. गॅस पुरेशा हवेत जळला की त्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड होतो. हवा कमी पडली की तो अर्धवट जळतो आणि हा विषारी वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळला तर आपल्याला कळतं, कारण त्या गॅसमध्ये मुद्दाम उग्र वासाचं रसायन मिसळलेलं असतं. इथे तशी काहीच सूचना मिळत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला हा वायू ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट धरून बसतो. मग डोकं जड होतं, मळमळतं, पाय लटपटतात, अंग गळून जातं. आपल्याला वाटतं, फार कढत पाणी घेतलं म्हणून असेल. माणूस कडी काढायला उठू शकत नाही, अशी वेळ त्यानंतर काही मिनिटांत येऊ शकते.

हवा किती लागते, त्याचा हिशेब सांगते. तो कळला की घरातल्या पुरुषमंडळींना समजावणं सोपं जाईल. एक किलो एलपीजी पूर्ण जळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा गॅस गिझर थंडीत पूर्ण क्षमतेने चालला, तर पाव तासात पाव किलोच्या आसपास गॅस जाळतो. म्हणजे तीन घनमीटरहून जास्त हवा त्यालाच लागते. पाच फूट बाय सात फूट, आठ फूट उंच न्हाणीत एकूण हवा आठ घनमीटर. दार बंद, खिडकीला प्लायवूड, आणि त्याच हवेत आतलं माणूस श्वास घेतंय. बरं, हवेतला ऑक्सिजन संपायची वाटही पाहावी लागत नाही. तो थोडा कमी होताच ज्योत बिघडते आणि विषारी वायू सुटायला लागतो.

आता लेकीचा विचार करा. गरोदरपणात हा वायू आईपेक्षा पोटातल्या बाळाला जास्त बाधतो. गर्भाचं हिमोग्लोबिन तो आणखी घट्ट धरून ठेवतं आणि बाळाच्या रक्तातून तो सावकाश निघतो. आई 'जरा डोकं दुखलं' म्हणून विसरून जाईल, पण बाळाचं नुकसान झालेलं असेल. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की गॅस गिझर न्हाणीत नकोच. खिडकी उघडी ठेवून, एक्झॉस्ट पंखा लावून चालवणारी घरं आहेत, पण मला तो उपाय पुरेसा वाटत नाही. थंडीत उघडी खिडकी कुणीतरी लावून घेतंच. वारा झोंबतो म्हणूनच तर तुमच्याकडे प्लायवूड आलं. आणि हवा आत यायला जागाच नसेल तर नुसता एक्झॉस्ट उलट धुराड्याचा धूर खाली खेचू शकतो.

गिझर बाहेरच्या भिंतीवर हलवा. मळ्यातल्या घराला मागचं अंगण असतं, पडवी असते. पावसाचा मारा आणि थेट वारा लागणार नाही अशी जागा बघा, सिलिंडरही बाहेरच ठेवा, आणि गरम पाण्याचा पाइप भिंतीतून आत घ्या. प्लंबरचं एका दिवसाचं काम आहे. नळी, रेग्युलेटर आणि जोड गॅस एजन्सीच्या माणसाकडून तपासून घ्या. ज्योत निळी हवी. पिवळी, लांब जिभांची ज्योत किंवा गिझरच्या अंगावर काजळी दिसली तर बर्नर साफ झाल्याशिवाय पेटवायचा नाही. फार गारठ्यात सिलिंडरमधला दाब उतरतो आणि ज्योत मंदावते. अशा वेळी काही लोक सिलिंडरवर कढत पाणी ओततात किंवा जवळ शेकोटी लावतात. तसं कधीही करू नका.

गिझर हलेपर्यंत पाण्याची नड पडलीच तर प्लायवूड काढलेलं, खिडकी आणि दार सताड उघडं, न्हाणीत कुणी नाही, अशा स्थितीत बादल्या भरून घ्या. गिझर बंद करा, गॅसचा नॉब बंद करा, थोडा वेळ हवा खेळू द्या आणि मग माणसाने आत जावं. सासूबाईंनी आणि लेकीने आतून कडी लावायची नाही, दार नुसतं लोटून घ्यायचं. हाक मारल्यावर आतून ओ आली नाही तर दार उघडा, गॅस बंद करा, माणसाला बाहेर मोकळ्या हवेत आणा आणि १०८ला फोन करा. सासूबाईंना डॉक्टरांकडे नेऊन आणा आणि न्हाणीत गॅस गिझर होता, खिडकी बंद होती हे तिथे आवर्जून सांगा. त्याशिवाय डॉक्टर नुसता रक्तदाब बघून परत पाठवतील.

आता वरच्या मजल्यावरचा विजेचा गिझर.

नवा घ्यायची घाई करू नका. तुम्ही लिहिलेल्या तिन्ही तक्रारींवर टाकी न बदलता उपाय होऊ शकतो. टाकी स्वतः गळत असेल, म्हणजे पत्र्याच्या सांध्यातून किंवा खालच्या आवरणातून गंजाचं पाणी येत असेल, तर मात्र दुरुस्ती नाही, तेव्हा नवाच घ्यावा लागेल.

खडखड हा क्षारांचा आवाज आहे. तुमच्याकडे बोअरचं पाणी असणार. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार पाणी तापलं की दगडासारखे घट्ट होऊन कॉइलवर बसतात. पातेल्याच्या बुडाला पांढरा थर धरतो, तोच हा थर. त्याच्याखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि थराचे कपचे आपटतात, म्हणून आवाज. थर उष्णता अडवतो, त्यामुळे कॉइल आतल्या आत जास्त तापते आणि शेवटी जळते. कधी तिच्या अंगाला बारीक चीर जाते आणि पाण्यात करंट उतरतो. म्हणून जड पाण्याच्या भागात गिझर वर्षातून एकदा उघडून साफ करायलाच हवा, आणि दिवाळीच्या आसपासचा काळ त्यासाठी बरा.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा माणूस बोलवा आणि तो काम करत असताना जवळ उभ्या राहा. आधी नुसतं बटण नाही, मेन बोर्डावरचा एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा खटका, पाडायचा. पाण्याचा कॉक बंद, टाकी रिकामी, मग खालची झाकणी उघडायची. टाकीच्या तळाशी पांढरा-तपकिरी चुरा साचलेला असेल, तो सगळा काढून घ्या. कॉइलवरचा थर लाकडी पट्टीने हलकेच पाडायचा. उरलेला थर व्हिनेगर किंवा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात भिजवला की सुटतो. संडास धुण्याचं ॲसिड वापरू देऊ नका. त्याने थर झटकन निघतो, पण कॉइलचा धातू आणि टाकीचं आतलं अस्तर दोन्ही खराब होतात.

कॉइलच्या शेजारीच आणखी एक कांडी असते, मॅग्नेशियमची. तिला अॅनोड रॉड म्हणतात. टाकीच्या धातूऐवजी ती स्वतः झिजते आणि टाकीला गंजापासून वाचवते. नवी असते तेव्हा ती बोटाएवढी जाड आणि गुळगुळीत असते. संपत आली की खड्डे पडलेली, वेडीवाकडी होते आणि शेवटी मधली तारच उरते. तुमच्याकडे सहा वर्षांत ती कुणी बघितलीच नसेल, तर तार हाती येईल अशी मनाची तयारी ठेवा. नव्या गिझरच्या मानाने तिची किंमत अगदी किरकोळ आहे. अर्धी झिजलेली दिसली तरी बदला. झाकणी परत बसवताना रबराचा गॅस्केटही नवा टाका, जुना पुन्हा नीट बसत नाही.

सगळं जोडून झाल्यावर गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून टाकी भरायची. नळातून हवेच्या उचक्या थांबून अखंड धार आली की मगच बटण दाबायचं. रिकाम्या टाकीत कॉइल तापली तर नवी कॉइलसुद्धा लगेच जाते.

ठिबकणाऱ्या व्हॉल्व्हबद्दल तुमची काळजी मिटवते. पाणी तापत असताना त्यातून थेंब पडणं योग्यच आहे. १५ अंशांचं पाणी ६० अंशांना नेलं की ते दीड टक्क्याहून थोडं जास्त फुगतं. २५ लिटरच्या टाकीत ही वाढ सुमारे ४०० मिलिलिटर होते. तो व्हॉल्व्ह पाणी मागे फिरू देत नाही, म्हणून वाढलेलं पाणी त्यातूनच बाहेर पडतं. ठिबकणं थांबवायला काही जण त्याचं तोंड सीलने बुजवतात, ते मात्र जिवावर बेतणारं आहे. दाब बाहेर जायला वाट उरली नाही आणि ठरलेल्या तापमानाला कॉइल बंद करणारा थर्मोस्टॅट अडकला तर टाकी फुटते. व्हॉल्व्हच्या तोंडाला छोटी नळी जोडून ती खाली सोडा, म्हणजे फरशी ओली होणार नाही. गिझर बंद असताना, पाणी थंड असतानाही तो सतत गळत असेल तर त्यात कचरा अडकलाय किंवा तो निकामी झालाय, मग बदला. घरात प्रेशर पंप असेल तर तेही मिस्त्रीला सांगा, त्याच्या दाबानेही असं होतं.

पाणी उशिरा तापण्यामागे क्षारांशिवाय आणखी दोन कारणं असावीत. पहिलं म्हणजे थंडीच. २००० वॅटचा गिझर २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला अर्धा तास घेतो. तेच पाणी १५ अंशांचं असेल तर ४० मिनिटं. दुसरं कारण मळ्यातल्या घरांना चांगलं ठाऊक असतं. कडाक्याच्या थंडीत द्राक्षबागा वाचवायला पहाटे पाणी सोडतात, आजूबाजूच्या मोटारी एकाच वेळी चालू होतात आणि व्होल्टेज पडतं. २३०चं १८० झालं तर २००० वॅटची कॉइल जेमतेम १२०० वॅट देते, आणि ४० मिनिटांचा एक तास होतो. कॉइल बदलून हे सुटणार नाही. मोटारी सुरू व्हायच्या आधी, किंवा रात्री झोपताना पाणी तापवून ठेवा. टाकीचं आवरण चांगलं असेल तर सकाळपर्यंत ते वापरण्याजोगं गरम राहतं.

आणखी एक करून बघा. खोल बोअरचं ताजं पाणी हिवाळ्यात हाताला कोमट लागतं, पण गच्चीवरच्या टाकीत रात्रभर राहिलं की ते बर्फासारखं होतं. टाकी संध्याकाळी भरण्यापेक्षा पहाटे, अंघोळीच्या थोडं आधी भरली तर गिझरमध्ये मुळातच कोमट पाणी जाईल. वेळ आणि वीज दोन्ही वाचतील.

विजेची तपासणी गिझरच्या सफाईइतकीच महत्त्वाची आहे. गिझरचा प्लग सॉकेटमधून काढून बघा. पिना काळवंडल्या असतील, प्लास्टिक पिवळट होऊन वितळल्यासारखं दिसत असेल तर सॉकेट ढिला आहे, तो बदला. सॉकेट १६ अँपिअरचा आणि वायर किमान अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची हवी. अर्थिंग खरंच जोडलेलं आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. बऱ्याच घरांत तिसरी तार नुसती प्लगपर्यंत येऊन थांबलेली असते. पावसाळ्यानंतर अर्थिंगच्या खड्ड्याची माती सुकते, तिथे पाणी घालत जा. आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर बसवूनच घ्या. पाण्यात करंट उतरला तर माणसाला इजा व्हायच्या आत तो वीज तोडतो. तरीही अंघोळीला जाताना गिझरचं बटण बंद करायची सवय घरात सगळ्यांना लावा. बादलीत सोडायचा रॉड मात्र बाळंतिणीच्या घरात नकोच. घाईत बटण न काढता पाण्यात हात घालणारं कुणीतरी निघतंच.

थर्मोस्टॅट ६० अंशांवर ठेवा. फार कमी तापमानावर टाकीत पाणी साठवलं तर त्यात जिवाणू वाढू शकतात, फार जास्त ठेवलं तर क्षार भराभर बसतात. पण ६० अंशांचं पाणी थेट अंगावर पडलं तर चार-पाच सेकंदांत भाजतं. म्हणून बादलीत आधी गार पाणी, मग गरम. बाळाच्या पाण्याला हा क्रम कुणीही मोडायचा नाही, अगदी अनुभवी मालीशवालीनेही. बाळाला ३७-३८ अंशांचं पाणी पुरतं. ढवळून कोपर बुडवा. कोपराला नुसतं ऊन लागलं, चटका बसला नाही, म्हणजे बरोबर. ६० अंशांच्या २५ लिटर पाण्यात १५ अंशांचं गार पाणी मिसळलं की ४० अंशांचं सुमारे ४५ लिटर होतं, म्हणजे तीन बादल्या. लेक, सासूबाई आणि बाळ यांचं एका तापवण्यात भागेल. सासूबाईंना जिना चढवत नसेल तर खालच्या न्हाणीत १५ लिटरचा विजेचा गिझर घ्यायचा विचार करा. गॅस गिझर हलवण्यापेक्षा मला तो मार्ग जास्त आवडेल. घेताना आयएसआय मार्क बघा, जड पाण्याला चालणारी कॉइल मागा आणि जास्त स्टार असलेला निवडा. साठवलेल्या पाण्याची उष्णता त्यात कमी वाया जाते.

सोलरचं थोडक्यात सांगते. काचेच्या नळ्यांवर बागेच्या फवारणीचा आणि धुळीचा थर बसलेला असणार, तो सकाळी लवकर, नळ्या गार असताना धुऊन काढा. दुपारी तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी सोडलं तर ती तडकते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा दक्षिणेचं झाड किंवा नवी भिंत आडवी येत नाही ना, ते बघा. बोअरच्या पाण्याने नळ्यांच्या बुडाशीही क्षार धरतात, गिझरवाल्याकडून त्याच फेरीत त्या साफ होतील का ते विचारा. पाऊण इंची पाइप गच्चीवरून न्हाणीपर्यंत १५ मीटर असेल तर त्यातच चार-एक लिटर पाणी गार होऊन बसलेलं असतं. पाइपवर काळ्या फोमचं आवरण चढवा आणि ते पहिलं गार पाणी धुण्याच्या बादलीत धरा. सोलरचं कोमट पाणी विजेच्या गिझरला जोडून घेता आलं तर उत्तमच, फक्त तुमचा गिझर आत येणारं गरम पाणी चालवून घेतो का ते सर्व्हिसवाल्याला आधी विचारा.

जाता जाता एक विनंती. बाळंतिणीला शेक-शेगडी होईल, ओवा-शेपाची धुरी होईल. आधीच्या पिढीने हे कौलारू घरात, वर धूर जायला वाट असताना केलं. तुमच्या स्लॅबच्या खोलीत खिडक्या लावून कोळशाची शेगडी ठेवली तर गॅस गिझरचाच धोका तिथेही आहे, आणि बाळ त्या हवेत तासन्तास असतं. शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याच्या पिशवीने द्या. शेगडी अंगणात पेटवा, तिथेच विझवा, आत आणू नका. सासूबाईंना हे तुमच्याकडून पटणार नसेल तर लेकीच्या डॉक्टरांना तपासणीच्या वेळी त्यांच्यासमोर सांगायला लावा.

प्लायवूड काढलं की मला दोन ओळी कळवा. गिझर उघडल्यावर अॅनोड रॉड कोणत्या अवस्थेत निघाला तेही लिहा, म्हणजे तुमच्या पाण्याला तो दर वर्षी बदलायचा की दोन वर्षांनी, ते सांगता येईल.